डावीकडचं शेपूट

तपासणीच्या साहेबाने मला फसवलं आणि मी मामांना फसवलं. साहेबाने गोण्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या. मामांनी लेथवर काढलेल्या चांगल्या पिना त्याच्या मेहुण्याच्या नावावर पास झाल्या आणि मेहुण्याच्या खराब पिना माझ्या नावावर नाकारल्या गेल्या. मला चिठ्ठ्याही बदलाव्या लागल्या नाहीत. मामा खरं बोलत होते आणि मी ऐकलं नाही, एवढंच मी केलं.

मामा माझे नात्याने कुणी नव्हते. हडपसरला माझा छोटा गाळा आहे, तिथे ते टर्नर होते. त्याआधी मी बिबवेवाडीला दोन खोल्यांत बसून कारखान्यांतून आणलेल्या पार्टांच्या कडा कानशीने घासून द्यायची. पोती मोपेडवर पुढे ठेवून आणायची आणि तशीच परत नेऊन टाकायची. पाच वर्षं हे केल्यावर ठरवलं की दुसऱ्याने काढलेले पार्ट घासायचे नाहीत, आपणच काढायचे. एक कारखाना बंद होत होता, तिथे जुनं लेथ विकायला होतं. मी तिथे सलग चार दिवस गेले. मशीनचा रंग उडालाय, चक घासलंय, बेडवर चरे आहेत, असं एकेक काढत मालकाला रडकुंडीला आणलं. शेवटी तो कोपऱ्यात उभ्या असलेल्या टर्नरकडे बोट दाखवून म्हणाला, "बाई, मशीन न्या आणि हा माणूसही न्या. नाहीतर पाचव्या दिवशी त्याच्यासाठी याल." टर्नर हसला. ते मामा. विदर्भातून तरुणपणी पुण्यात आलेले, पण बोलण्यातला 'जी' शेवटपर्यंत गेला नाही.

मायक्रोमीटर वाचायला मला त्यांनी शिकवलं. त्यांची कामाची एक पद्धत होती आणि पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे, म्हणून ती सांगते. समजा ड्रॉइंगमध्ये पिनेची जाडी पंचवीस मिलिमीटर दिली आहे आणि ती पाच शतांशांनी कमी चालेल, जास्त मुळीच नाही. म्हणजे चोवीस पॉइंट पंच्याण्णव ते पंचवीस. बाकीचे टर्नर मधला आकडा धरतात. मामा वरून खाली येत यायचे आणि पंचवीसच्या आत शिरल्या शिरल्या थांबायचे. "जाड राहिली तर अजून एक हात मारता येतो, ताई. पातळ झाली तर लोखंड परत चिकटवता येत नाही जी." त्यामुळे त्यांच्या बहुतेक पिना चोवीस पॉइंट अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णववर असायच्या. कधी टूल जरा जास्त खायचं, मग एखादी शहाण्णववर जायची. दर पाचवी पिन मोजून ते एका लांबट वहीत आकडा लिहायचे. ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी उलट म्हणायची, "मामा, वेळ जातो." ते म्हणायचे, "जाऊ द्या जी, माझाच जातो."

पंपाचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीला आम्ही या पिना द्यायचो. एका सकाळी टेम्पोतून गोणी परत आली. सोबत तिथल्या साहेबाच्या सहीचा तपासणीचा कागद होता. पन्नास पिना मोजलेल्या, निम्म्याहून जास्त पातळ, सगळा लॉट रद्द. मी गोणीत हात घालून तीन पिना काढल्या आणि मोजल्या. त्र्याण्णव, चौऱ्याण्णव, त्र्याण्णव. माझं डोकं फिरलं. माझं डोकं लवकर फिरतं हे हडपसरमध्ये चहावाल्यालासुद्धा माहीत आहे. मामांना हाक मारली ती शेडमधल्या चौघांसमोर.

मामांनी पिना हातात घेऊन फिरवल्या. म्हणाले, "हा माल माझा नाही, ताई."

"मग काय माझ्या सासूबाईंनी काढला? गोणीवर चिठ्ठी आपली आहे. चलन आपलं आहे."

"चिठ्ठी आपली असेल. पिन आपली नाही. माझी एखादी खाली जाते जी. सगळा घोळका खाली कसा जाईल?"

"घोळका कसा जाईल ते मला काय विचारता? डोळे गेलेत तुमचे. मायक्रोमीटरवरची रेघ दिसत नाही, ते कबूल करा आणि विषय संपवा."

चौघांपैकी कुणीतरी मशीन बंद केलं. त्यामुळे पुढचं वाक्य सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं. मी म्हणाले, "इतकी वर्षं मी तुम्हाला टर्नर समजत होते."

मामांनी मायक्रोमीटर फडक्याने पुसला, डबीत ठेवला, डबी माझ्या टेबलावर ठेवली. "डोळे तपासून घेतो," म्हणाले आणि हात धुवायला गेले. हात धुऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

मी फोन केला नाही. सौद्यात आधी बोलायचं नाही, ही माझी सवय. आधी बोलला तो खाली आला. समोरचा जितका गप्प, तितकी मी जास्त गप्प. या सवयीवर मी गाळा उभा केला. मामा येतील, दोन शब्द बोलतील, मग मीही जरा नमतं घेईन, असा माझा हिशेब होता. महिन्याभराने कळलं की ते वारज्याला त्यांच्या घराजवळच्या एका सोसायटीत गेटवर बसतात. मला त्याचाही राग आला. इतका ताठा असेल तर बसा, म्हटलं.

पिनांची ऑर्डर त्याच सुमारास दुसऱ्या एका गाळ्याकडे गेली. तो गाळा साहेबाच्या मेहुण्याचा आहे हे मला लवकरच कळलं. मी तेव्हा जोडलं ते इतकंच की माझ्याकडून चूक झाली आणि त्याने संधी साधली. दोन वर्षं मी मनात साहेबाला शिव्या घातल्या, त्या संधी साधल्याबद्दल. चूक आमची नव्हतीच, हा विचार मला शिवला नाही. तो विचार ज्याने बोलून दाखवला, तो गेटवर बसून गाड्यांचे नंबर लिहीत होता.

मग एक नवीन गिऱ्हाईक आलं. त्यांना मालासोबत मोजमापाचं विश्लेषण हवं होतं, स्प्रेडशीटमध्ये. मला बेरजेपलीकडे काही यायचं नाही. आमच्या लघुउद्योजकांच्या संघटनेने रविवारी सकाळी वर्ग ठेवला होता, तिथे नाव घातलं. शिकवायला संख्याशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका होत्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आपण सगळे मालक आहात असं ऐकलं. इथे आपण विद्यार्थी आहात. मोबाइल पिशवीत."

त्यांनी सांगितलं, आपापल्या कामाचे आकडे आणा. मी कपाट उघडलं तर मामांची वही सापडली. आतमध्ये तो नाकारलेल्या लॉटचा तपासणीचा कागदही घडी घालून ठेवलेला होता. तो मीच तिथे कोंबला असणार. दोन्ही घेऊन गेले.

त्या दिवशी मॅडम स्क्यू नावाचं फंक्शन शिकवत होत्या. फळ्यावर त्यांनी एक टेकडी काढली, दोन्ही बाजूंना सारखा उतार असलेली. मग दुसरी काढली, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला लांबच लांब शेपूट. "सरासरी तुम्हाला गर्दी कुठे आहे ते सांगते. गर्दीतून मागे कोण रेंगाळतंय, आणि कुठल्या बाजूला, ते हे फंक्शन सांगतं. शेपूट डावीकडे, म्हणजे लहान आकड्यांकडे, तर उत्तर वजा. उजवीकडे तर अधिक. दोन्हीकडे सारखं तर शून्याच्या आसपास."

मी वहीतला शेवटचा लॉट, तोच पुढे नाकारला गेलेला, टाइप केला. बरोबरचं चिन्ह, फंक्शनचं नाव, कंस, पहिल्या आकड्यापासून शेवटच्यापर्यंत. एंटर मारलं तर चूक दाखवली. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. मी प्रत्येक आकड्यापुढे 'मिमी' लिहिलं होतं.

"अहो, त्याला नुसते आकडे हवेत. त्यांची ओळख करून देऊ नका."

सगळे मिमी खोडले. उत्तर आलं, वजा एक पॉइंट एक.

"वजा आलं. चुकलं का?"

"चुकलं नाही. गर्दी वरच्या मर्यादेला चिकटलेली आहे आणि मोजके मागे राहिलेत. हे काम कुणाचं आहे?"

"होते आमच्याकडे एक."

"फार जपून काम करणारा माणूस. थांबायचं कुठे ते त्याला माहीत आहे." असं म्हणून त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या.

मग मी तपासणीच्या कागदावरचे पन्नास आकडे घातले. उत्तर अधिक. जवळजवळ अधिक एक. मला वाटलं पुन्हा काहीतरी चुकलं. आकडे तपासले, एंटर मारलं, तेच. मॅडमना हाक मारली. त्यांनी दोन्ही उत्तरं बघितली.

"ही दोन माणसं आहेत."

"नाही हो, एकच आहे. हा तोच लॉट आहे."

"तोच लॉट? मग त्यांचा स्वभाव रस्त्यात बदलला असेल. यात गर्दी खाली आहे आणि शेपूट वर. सगळी टेकडीच उलटी." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "हे बघा, पन्नास आकड्यांवरून कुणाला फासावर चढवू नका. कोण खोटं बोललं ते फंक्शन सांगत नाही. आणखी लॉट घालून बघा. प्रत्येक वेळी वजाच येतं का ते बघा."

त्या आठवड्यात मी वहीतले अकरा लॉट टाइप केले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला सारून. वजा. वजा. एकदा अगदी थोडं, पण वजाच. आमच्या संगणकावर चालणाऱ्या नवीन लेथवरचे आकडे घातले तर शून्याच्या आसपास, कारण मशीनला लोखंड परत चिकटवता येत नाही याची काळजी नसते. अकराव्या लॉटनंतर मी थांबले. मामांना रेघ दिसत नसती तर सगळी टेकडी खाली सरकली असती, उलटी झाली नसती. माझी एखादी खाली जाते जी, सगळा घोळका खाली कसा जाईल. स्क्यूची व्याख्या मामांनी मला मराठीत सांगितली होती, चौघांसमोर. त्यांचं मी ऐकलं नव्हतं. कॉम्प्युटरचं ऐकलं.

तेव्हाच वारज्याला जायला हवं होतं. हडपसरहून तासाभराचा रस्ता. मी गेले नाही. रिकाम्या हाताने जायचं नाही, हीही माझी सवयच. मला पक्का कागद हवा होता. मामांच्या पिना त्या लॉटमध्ये नव्हत्या, तर मग गेल्या कुठे? मेहुण्याचा पहिला नमुन्याचा लॉट त्याच दिवशी तपासणीला आला होता, हे मला त्या पंपाच्या कंपनीच्या खरेदी विभागातल्या माणसाकडून बोलता बोलता कळलं. मला त्या लॉटचा कागद हवा होता. तो मागायचा तर काही द्यायला हवं.

संधी आली. त्यांना एक दुसरा पार्ट घाईने हवा होता आणि तो इतक्या लवकर कुणी देत नव्हतं. मी म्हटलं, "शनिवारी देते. सांगाल त्या रेटने."

खरेदीवाला म्हणाला, "बाई, तब्येत बरी आहे ना? रेटवर भांडत नाही आज?"

"रेट राहू द्या. मला मेहुण्याच्या त्या पहिल्या लॉटचा पास केलेला कागद हवा."

"तो कशाला? फ्रेम करणार?"

"तुम्हाला पार्ट हवेत का नकोत?"

पार्ट त्या शनिवारीच गेले, तरी कागदाला त्याने तीन आठवडे लावले. साहेब आता दुसऱ्या कारखान्यात मोठ्या जागेवर गेले आहेत, जुन्या फायली तळघरात आहेत, परवानगी लागते. मी रोज फोन करत राहिले, आवाज चढवत राहिले. मजाही वाटत होती, हे कबूल करते. कितीतरी दिवसांनी मनासारखा सौदा चालला होता.

कागद आला बुधवारी. पन्नास आकडे. मेहुण्याच्या गाळ्याचं नाव, खाली साहेबाची सही, पास. मी एकेक आकडा घालत गेले आणि टाइप करतानाच कळत होतं. अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शहाण्णव. एंटर मारलं. वजा एक पॉइंट दोन. ज्या माणसाला मी टर्नर नाही म्हटलं होतं, त्याचं काम दुसऱ्याच्या नावाखाली पास होऊन पडलं होतं.

शनिवारी त्याच पार्टांची पुढची खेप पोचवली आणि तशीच वारज्याला गेले. दोन्ही टेकड्यांची चित्रं रंगीत छापून फोल्डरमध्ये घेतली होती. सोसायटीच्या गेटवर दुसराच माणूस होता.

"ते काका? ते गेले ना."

"घरी गेले?"

त्याने मान हलवली. "गेल्या आठवड्यात. शुक्रवारी."

मामींचं घर मागच्या गल्लीत होतं. दोन खोल्या, बाहेर नळ. मी कधी तिथे गेले नव्हते. मामींनी मला ओळखलं, कशावरून ते माहीत नाही. "बसा जी," म्हणाल्या. मी फोल्डर मांडीवर ठेवून बसले. काही वेळ दोघीही बोललो नाही, आणि पहिल्यांदाच माझ्या गप्प बसण्यात काही डाव नव्हता.

"तीन आठवडे झोपूनच होते," त्या म्हणाल्या. "बोलणं कमी झालं होतं. पण ऐकू येत होतं त्यांना, सगळं समजत होतं."

तीन आठवडे. मी तेव्हा रोज फोनवर भांडत होते.

मामी उठल्या, आतून मामांचं पाकीट घेऊन आल्या. त्यातून चौकोनी घडीचा एक कागद काढला, घडीवर फाटत आलेला. डोळ्यांच्या दवाखान्याचा. गाळा सोडल्यानंतर चौथ्या दिवसाची तारीख. "डॉक्टर म्हणाले, नजर चांगली आहे, चष्मासुद्धा बदलायची गरज नाही. तुम्हाला दाखवायला येणार होते. मग म्हणाले, ताई रागात आहेत, बोलावतील तेव्हा जाऊ."

त्यांच्याकडे कागद होता, माझ्याकडे कागद होता. आणि दोघंही समोरचा आधी बोलेल म्हणून थांबलो होतो. फरक इतकाच की ते मान राखून थांबले होते आणि मी जिंकायला.

मी फोल्डर उघडला आणि त्यांना सगळं सांगितलं. दोन टेकड्या दाखवल्या. मामींनी चित्रावर बोट ठेवलं. "हे वजा लिहिलंय, ते यांचं? वजा म्हणजे कमीच ना जी?"

"नाही मामी. कमी नाही. यांच्या पिना वर राखून काढलेल्या असायच्या, म्हणून शेपूट या बाजूला आलं. चांगलं आहे ते."

"मग असं करा," त्या म्हणाल्या, "हे त्या चौघांना सांगा. रस्त्यात भेटायचे तर हे मान खाली घालून पुढे जायचे."

सोमवारी मी मशिनं बंद करायला लावली आणि चौघांना सांगितलं. माझी चूक होती, मामांची नव्हती, हे त्याच जागी उभं राहून सांगितलं. एकाने डोळे पुसले. एक मात्र म्हणाला, "आम्हाला माहीतच होतं, ताई." मी विचारलं, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, "तुमच्यासमोर कोण बोलणार?"

पुढच्या वेळी गेले तेव्हा मामींनी विचारलं, "त्या साहेबांना कळलं का?"

त्याच दुपारी साहेबांना फोन केला. त्यांनी मला ओळखलं, हसले. मी सांगत गेले, ते हं हं करत गेले.

"बाई, किती जुनं झालं हे. एका फॉर्म्युल्यावर तुम्ही माझ्यावर आरोप करताय?"

"दोन लॉटच्या चिठ्ठ्या बदलल्या गेल्या."

"गोदामातल्या पोरांनी केलं असेल. तुम्हाला आता काम मिळतंय ना? मग?"

"माझा माणूस गेला, साहेब."

"अहो, त्यांचं वय झालं होतं," ते म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर माझा फोन त्यांना लागत नाही.

चिठ्ठ्या कुणी बदलल्या ते फंक्शन सांगत नाही, मॅडमनी मला बजावलं होतं. बरोबर आहे. ते फंक्शन म्हणत नाही, मी म्हणते. खोटं असेल तर साहेबांनी तसं सांगावं, पण मला फोनवर नको. माझ्याशी भांडून जिंकणं हरणं आता राहिलेलं नाही.

साहेब, आपण वारज्याला या. मागच्या गल्लीत, नळासमोरच्या दोन खोल्या. मामी खुर्ची देतील, बसा. दोन्ही कागदांवर सही आपली आहे. ते त्यांच्या समोर ठेवा आणि ज्या पिना आपण मेहुण्याच्या नावावर पास केल्या, त्या कुणी काढल्या होत्या, ते त्या बाईला आपल्या तोंडाने सांगा. माझं उत्तर मी चौघांसमोर दिलं आहे. आता आपण द्या.